आधी शिकू, मग मशीनला हात लावू



आज आपण कामावरच्या सुरक्षेविषयी बोलणार आहोत. आपल्यापैकी कोणी भोसरीच्या कारखान्यात जातात, कोणी बांधकामावर, कोणी सोसायट्यांच्या सफाईला. कामे निरनिराळी, पण सकाळी धडधाकट निघालेले माणूस संध्याकाळी तसेच परत यावे, ही इच्छा सगळ्यांच्या घरी एकच.

पत्रा कापणारी प्रेस मशीन घ्या. पुष्कळ प्रेसना दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी ती एकदम दाबली, तरच पंच खाली येतो. असे का बरे केले? दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे एकही हात डायखाली राहत नाही. पण कामाची घाई असते. मुकादम म्हणतो, नग वाढवा. मग कोणीतरी एका बटणात पाचर मारतो. एक हात मोकळा होतो आणि काम भराभर सरकते. दहा दिवस काही होत नाही. अकराव्या दिवशी जरा नजर हलते, आणि दोन बोटे जातात.

चूक कोणाची? पाचर मारणाऱ्याची, असे लोक लगेच म्हणतील. पण दोन बटणे कशासाठी, हे त्याला कोणी सांगितले होते का? पाचर दिसत असूनही मुकादम गप्प का बसला? भिंतीवर ‘सुरक्षितता प्रथम’ अशी पाटी असेल. पण पाटी लावली म्हणजे शिकवणे झाले, असे आम्ही मानत नाही.

दुसरे उदाहरण मैल्याच्या टाकीचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या पुण्यात, वाघोलीला, एका सोसायटीच्या अशा टाकीत तीन सफाई कामगार मरण पावले. या टाक्यांत विषारी वायू साठतो. त्याला सडक्या अंड्यासारखी घाण येते. पण वायू फार झाला की नाकच बधिर होते, वास कळेनासा होतो. म्हणून ‘वास नाही, उतरायला हरकत नाही’ हा हिशेब जिवावर बेततो. अशा ठिकाणी आत गेलेला पडला की साथीदार त्याला काढायला धावत उतरतो, आणि तोही पडतो. चांगल्या मनाची माणसे अशी जातात. ज्याला शिकवलेले असते, तो उतरत नाही. तो ओरडून माणसे जमवतो आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन लावतो. संरक्षणाची साधने न देता माणसाला टाकीत उतरवणे, हा २०१३ च्या कायद्याने गुन्हाच आहे.

मग शिकवावे कसे? आधी कारणासह सांगावे. मग करून दाखवावे. मग शिकणाऱ्याकडून करून घ्यावे. शेवटी त्यालाच विचारावे, “हे असे का करतोस? मध्येच बंद पडले तर काय करशील?” त्याला उत्तर देता आले, तरच काम हाती द्यावे. बिहारहून आलेल्या भावाला हिंदीत सांगावे. मशीन बदलली की पुन्हा शिकवावे.

हे शिक्षण म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. १९८४ साली भोपाळला वायूने हजारो माणसे गेली. त्यानंतर १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि सुरक्षेची माहिती व शिक्षण मिळणे हा कामगाराचा हक्क म्हणून लिहिला गेला. त्या कायद्याच्या जागी आता २०२० ची नवी संहिता आली आहे. तिच्यातही कामगारांना माहिती, शिक्षण आणि देखरेख देणे हे मालकाचे कर्तव्य सांगितले आहे.

एकट्याने विचारायला भीती वाटते, हे आम्ही जाणतो. ठेकेदार म्हणतो, जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस. म्हणून चौघे मिळून विचारा. मशीन चटकन बंद कशी करायची? या डब्यात कोणते रसायन आहे? आग लागली तर बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे, आणि तो उघडा असतो का? हे तीन प्रश्न आज वहीत लिहून घ्या. उद्या कामावर गेल्यावर, हात चालू करण्याआधी, ते विचारा.