डोहाचा तळ आणि शिंगाळा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते आम्हांला विज्ञान शिकवीत. एकदा त्यांनी वर्गात विचारले, "पैनगंगा केवढी आहे?" आम्ही हात पसरून रुंदी दाखवली. ते म्हणाले, "आणि खोल किती?" त्यावर सारा वर्ग गप्प झाला. त्या प्रश्नाचे उत्तर आज मी एका माशाच्या आधाराने देण्याचा प्रयत्न करणार आहे. तो मासा म्हणजे डोहाच्या तळाशी राहणारा शिंगाळा.

आपल्या आदिलाबाद जिल्ह्याची उत्तर सीमा पैनगंगेने आखली आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, किनवट आणि राजुरा त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले आणि आपण आंध्र प्रदेशात राहिलो. २०१४ पासून आपण तेलंगणात आहोत. नदीच्या दोन काठांवर दोन राज्ये झाली, तरी पाण्यातल्या जिवांना ही वाटणी ठाऊक नाही. मराठी भोई ज्याला शिंगाळा म्हणतो, त्याच्या जातकुळीला आपले तेलुगु शेजारी जेल्ला म्हणतात.

या माशाच्या शास्त्रीय नावात आपल्या भाषेचा वाटा आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांचा अभ्यास करून १८३९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नमुना पुण्याच्या मुळा-मुठेतला होता आणि जातीचे नाव त्यांनी लोकांच्या तोंडचेच घेतले : 'सीनघाला'. पुढे शास्त्रज्ञांनी त्याचे कूळ अनेकदा बदलले. आज त्याला 'स्पेराटा सीनघाला' म्हणतात. कूळ बदलले, पण मराठी शब्द मात्र टिकून राहिला.

शिंगाळ्याच्या अंगावर खवले नसतात. मुस्कट लांब आणि चपटे, पाठ करडी, पोट रुपेरी. शेपटीजवळच्या मांसल परावर एक काळा ठिपका. छातीच्या परांचे काटे दातेरी असतात, म्हणून भोई त्याला जपून धरतात. पूर्ण वाढलेला मासा मीटरभराहूनही लांब होऊ शकतो. त्याला मिशांच्या चार जोड्या असतात. गढूळ तळाशी डोळ्यांचा उपयोग थोडा; तेथे या मिशाच त्याची बोटे आणि जीभ होतात, कारण त्यांवर चव ओळखणाऱ्या पेशी असतात. वाताशयापासून कानापर्यंत लहान हाडांची साखळी असल्यामुळे पाण्यातला बारीकसा आवाजही त्याला कळतो. लहान मासे, झिंगे, गोगलगायी, किडे हे त्याचे अन्न.

आता डोहाविषयी. नदी जेथे खडकाच्या पायरीवरून उतरते किंवा जोराचे वळण घेते, तेथे पुराचे पाणी तळ कोरून काढते. वर्षानुवर्षांच्या या कोरणीतून डोह तयार होतो. चैत्र-वैशाखात प्रवाह तुटतो, वाळवंट उघडे पडते, तेव्हा नदीचे सारे जीवन या डोहांत येऊन थांबते. वरचे पाणी तापले तरी खालचे त्या मानाने थंड राहते. मृगाच्या पावसाने नदी पुन्हा वाहू लागली, की येथूनच ती पुन्हा वसते. उन्हाळ्यातला डोह म्हणजे नदीचे राखून ठेवलेले बियाणेच.

शिंगाळ्याची वीण तर तळावरच अवलंबून आहे. नर तळाशी खड्डा करतो. मादी त्यात अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो. रोहू-कटला पुराच्या पाण्यात लाखो अंडी सोडून निघून जातात. हा मात्र घर बांधून, पहारा देऊन पिल्ले वाढवतो. म्हणून तळ बिघडला, की त्याचा वंशच अडचणीत येतो.

आणि तळ बिघडतो आहे. वाळू उपसली, की खड्डा करण्याची जागाच जाते. सैल झालेला गाळ खाली वाहत जाऊन अंड्यांवर बसतो. बंधाऱ्यांमुळे पूर अडतो आणि डोह गाळाने भरत जातो. कोरटा-चनाखा बंधाऱ्यासाठी दोन्ही राज्यांनी २०१६ मध्ये करार केला. शेतीला पाणी हवे, याविषयी मतभेद नाही; मी शेतकऱ्याच्याच घरचा आहे. पण पाणी किती साठले याचा हिशेब ठेवताना तळ किती उरला याचाही ठेवावा, एवढेच माझे मागणे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी प्रेरित प्रजननाचा मार्ग दाखवल्यापासून रोहू-कटल्याचे बीज तळ्यांत सोडता येते. शिंगाळ्यासाठी ती वाट तितकीशी रुळलेली नाही. त्याचे बीजगृह डोहच.

जगाच्या यादीत हा मासा दुर्मीळ गणला जात नाही. गंगेपासून कृष्णेपर्यंत तो आढळतो. परंतु एखादी जात जगात टिकली म्हणजे ती आपल्या गावच्या डोहात टिकलीच, असे होत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक काम सुचवतो. दर वर्षी वैशाखात गावच्या भोयांना सोबत घेऊन, त्यांच्याच नावेतून, दोरीला दगड बांधून आपल्या डोहांची खोली मोजा. डोहाचे नाव, खोली आणि त्यात मिळालेले मासे वहीत लिहा. ती वही शाळेत ठेवा. दहा वर्षांनी तिचे मोल कोणत्याही व्याख्यानाहून अधिक असेल, आणि गुरुजींचा प्रश्नही मग अनुत्तरित राहणार नाही.