चुकायला जागा



परिषद मेंदूच्या शस्त्रक्रियेचा संगणकावर सराव या विषयावर, आणि स्वागताला बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला कारखानदार! संयोजकांचा यात काही बेत असणार. माझं आयुष्य लेथवर गेलं. शिकाऊ पोरानं जॉब बिघडवला की तो भंगारात टाकायचा आणि पोराच्या हाती दुसरा तुकडा द्यायचा. तुमच्या शिकाऊ डॉक्टरला दुसरा तुकडा कुठून द्यायचा?

मेंदूतलं पाणी तुंबून दाब वाढला की कवटीला भोक पाडून आतल्या पोकळीत नळी सोडतात. जागा ठरलेली : नाकाच्या मुळापासून साधारण ११ सेंटीमीटर मागे, मध्यरेषेच्या सुमारे ३ सेंटीमीटर बाजूला. तिथून पाच-सहा सेंटीमीटर आत जायचं ते बहुतेक वेळा अंदाजानं. पोकळी डोळ्यांना दिसत नाही. हे काम अनेकदा अपरात्री येतं आणि ड्युटीवरच्या कनिष्ठ रेसिडेंटच्या अंगावर पडतं. तो पहिल्यांदा नळी घालतो तेव्हा टेबलावर कोण असतं? स्पेशल रूममधला रुग्ण सहसा नसतो, जनरल वॉर्डातला असतो. जगभर डॉक्टरांचा हात बसत आला तो बराचसा गरिबांच्या अंगावर. स्वागताच्या भाषणात गोडच बोलावं असा काही दंडक नाही, म्हणून बोललो. संगणकावर सराव करायचं यंत्र, म्हणजे सिम्युलेटर, मला चैनीची वस्तू वाटत नाही ते यामुळेच.

असं यंत्र घडलं कुठे, ते सांगतो. न्यूरोसर्जन वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३४ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलला न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी केली. तिथे शिकून जेकब चंडी वेल्लोरला आले, रामचंद्र गिंडे मुंबईला. आपल्याकडच्या न्यूरोसर्जरीचं एक मूळ असं मॉन्ट्रियलला आहे. पुढे तिथल्याच मंडळींनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेबरोबर 'न्यूरोटच' नावाचं यंत्र घडवलं. डोळ्यांपुढे सूक्ष्मदर्शकातून दिसावं तसं खोली असलेलं दृश्य, हातात हत्यारांच्या मुठी. गाठ घट्ट आहे की मेंदूचा मऊ भाग लागलाय, ते मुठीमागच्या मोटारी बोटांना कळवतात. कापलं तर रक्त येतं. जोर किती लावला, गाठ किती निघाली, निरोगी भाग किती गेला, याची नोंद राहते. २००९ साली हॅलिफॅक्सला सर्जन डेव्हिड क्लार्क यांनी एका रुग्णाच्या एमआरआयवरून तयार केलेल्या आभासी मेंदूतली गाठ आधी यंत्रावर काढली आणि मग प्रत्यक्ष शस्त्रक्रिया केली. २०१९ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी ५० जणांच्या २५० आभासी शस्त्रक्रिया संगणकापुढे ठेवल्या. विद्यार्थी कोण, रेसिडेंट कोण, मुरलेला सर्जन कोण, हे त्यानं ९० टक्के बरोबर सांगितलं. आज एखाद्या ज्येष्ठ डॉक्टरांनी मुठीला हात लावायचं टाळलं, तर आम्ही समजून घेऊ.

आता माझ्या धंद्याचं बोलतो. स्पर्श खरा वाटायला त्या मोटारींना सेकंदाला हजारच्या आसपास हुकूम जावे लागतात, आणि सांध्यात जराही खेळ, म्हणजे ढिलेपणा, चालत नाही. परदेशी यंत्राची किंमत ऐकली की आपली सरकारी रुग्णालयं हात आखडतात. पण बिनखेळाचे सांधे, हलके दांडे, मुठी ही कामं आमच्या मकरपुऱ्यात होऊ शकतात. मेंदू पडद्यावर खऱ्यासारखा दबला आणि हलला पाहिजे, ते मात्र आमच्या आवाक्यातलं नाही. त्याला गणित आणि संगणक कोळून प्यायलेली पोरं लागतात. तीही या शहरात आहेत. सयाजीराव महाराजांनी १८९० साली इथे कलाभवन ही तंत्रशाळा काढली, त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्राचार्य. त्याच कलाभवनाची पुढे इथल्या विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा झाली. बडोद्याचं मेडिकल कॉलेज १९४९ चं. दोन्ही एकाच गावात, तरी डॉक्टर आणि अभियंता यांची गाठ पडते ती लग्नकार्यातच! दिल्लीच्या एम्सनं आयआयटीच्या अभियंत्यांना सोबत घेऊन न्यूरोसर्जरीच्या सरावाची सोय उभारली आहे. आपल्याला कोणी अडवलंय?

सरावाची यंत्रं शेजारच्या दालनात मांडली आहेत. जेवणात बडोद्याची सेव-उसळ आहे, तिखट बेतानं घ्या. आणि टेबलांवरच्या नावांच्या पाट्या आम्ही मुद्दाम एक डॉक्टर, एक अभियंता अशा लावल्या आहेत. कृपा करून त्या बदलू नका. आपणा सर्वांचं स्वागत करतो आणि अध्यक्षमहोदयांना उद्घाटनाची विनंती करतो.