मुंबईतील एक लॉज आणि तीन ग्रँड लॉज
फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या स्थानिक शाखेला ‘लॉज’ आणि अनेक लॉजांवर अधिकार चालविणाऱ्या सर्वोच्च संस्थेला ‘ग्रँड लॉज’ म्हणतात. मुंबईत माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना प्रवेश नाकारला गेल्यावर डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ साली, स्कॉटलंडच्या अधिकाराखाली, भारतीयांना सामावून घेणारे ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज स्थापन झाले. पुढे २४ नोव्हेंबर १९६१ रोजी इंग्लंड, आयर्लंड व स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजांच्या सहकार्याने भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज नवी दिल्लीत स्थापन झाली, मात्र जुन्या संस्थेकडेच राहण्याची मुभा लॉजांना मिळाली, हा मोठ्या समंजसपणाचा निर्णय होता. या ग्रँड लॉजमध्ये भगवद्गीता, कुराण, बायबल, अवेस्ता आणि गुरू ग्रंथसाहिब हे पाचही पवित्र ग्रंथ अधिकृत मानले जातात.