संगणकावरील समाईक वही

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडा मजकूर वाढविला आहे.)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. मागील वर्षीच्या स्मरणिकेत एका दुकानदारांच्या जाहिरातीत त्यांचा जुना दूरध्वनी क्रमांक छापला गेला. नवा क्रमांक त्यांनी वेळेवर कळविला होता. पण तो कळविला जाहिराती गोळा करणाऱ्या एका शिक्षकांना, व्हॉट्सॲपवर. प्रूफ होते माझ्याकडे. आणि छापखान्यात गेली ती तिसऱ्याच गृहस्थांच्या पेन ड्राइव्हवरची फाईल. दुकानदार भला माणूस. त्यांनी पैसे परत मागितले नाहीत. "मास्तर, तो नंबर आता दुसऱ्याच कोणाचा आहे, त्या बिचाऱ्याला उगाच त्रास होईल," एवढेच ते म्हणाले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. आम्हा तिघांपैकी कोणीही कामचुकार नव्हता. माहिती तिघांकडे वाटली गेली होती आणि तिघांनाही वाटत होते की ती दुसऱ्याकडे आहे.

मी संगणकतज्ज्ञ नव्हे. बी. ए., बी. एड. झालेला साधा शिक्षक आहे. तेव्हा आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी ही चूक केली आणि ती कशी टाळतात हे मला माझ्याच एका माजी विद्यार्थिनीने शिकविले.

ही मुलगी, तिचा धाकटा भाऊ आणि तिची एक मैत्रीण अशी तिघे मिळून घराच्या माडीवर एक लहानशी जाहिरात एजन्सी चालवितात. दुकानांचे फलक, लग्नपत्रिका, दवाखान्यांची माहितीपत्रके, इन्स्टाग्रामवरील जाहिराती अशी कामे करतात. आपल्याच गावच्या एका गृहस्थांचे दुबईत उपाहारगृह आहे, त्याचेही काम त्यांच्याकडे आहे. मी एकदा तिच्या घरी गेलो असता तिचे वडील म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा हिला काही. दिवसभर लॅपटॉपपुढे बसलेली असते." मुलगी हसली आणि म्हणाली, "सर, वर या. काय करते ते दाखवते."

तिने जे दाखविले त्याला वर्कस्पेस म्हणतात. आपण कामाची समाईक जागा म्हणू. नोशन, ट्रेलो, असाना, बेसकॅम्प, क्लिकअप अशी नावे असलेली अनेक सॉफ्टवेअर या कामासाठी मिळतात. ती नोशन वापरते. नावापाशी अडण्याचे कारण नाही. आत काय मांडले आहे ते महत्त्वाचे.

तिच्या वहीत चार तक्ते आहेत. पहिला गिऱ्हाइकांचा: नाव, पत्ता, बोलायचे कोणाशी, मंजुरी द्यायची कोणी. हे शेवटचे दोन रकाने वेगळे का, असे मी विचारले. ती म्हणाली, "सर, बोलतो मुलगा आणि नापसंत करतात वडील. म्हणून मंजुरी कोण देणार ते पहिल्याच दिवशी लिहून घेते." दुसरा तक्ता कामांचा, तिसरा प्रत्येक कामाच्या लहान टप्प्यांचा आणि चौथा पैशांचा: ठरलेली रक्कम, ॲडव्हान्स, बिल, येणे बाकी. चारही तक्ते एकमेकांना जोडलेले आहेत. गिऱ्हाइकाचा दूरध्वनी बदलला तर तो एकाच ठिकाणी बदलायचा. त्या गिऱ्हाइकाचे जे जे काम उघडाल तेथे नवा क्रमांक दिसतो. वाचकहो, हे ऐकताना माझी नजर खाली गेली हे सांगायला नकोच.

आता या जोडणीची खरी गंमत सांगतो. तीच माहिती हवी तशी पाहता येते. यादी म्हणून पाहा, दिनदर्शिकेवर तारखांप्रमाणे पाहा, नाहीतर फलकावर टाचलेल्या चिठ्ठ्यांप्रमाणे पाहा. चिठ्ठ्यांची ही पद्धत मूळची जपानची, टोयोटाच्या मोटार कारखान्यातली. तेथील अभियंता ताइची ओनो यांनी ती रूढ केली. पुढच्या विभागाने चिठ्ठी पाठविल्याखेरीज मागच्या विभागाने माल तयार करायचा नाही, असा तिचा नियम. तिला कानबान म्हणतात. जपानी भाषेत त्या शब्दाचा अर्थ पाटी किंवा फलक असा आहे. २०११ साली न्यूयॉर्कच्या एका कंपनीने काढलेल्या ट्रेलोमध्ये हाच फलक संगणकाच्या पडद्यावर दिसतो.

मुलीच्या फलकावर पाच रकाने आहेत: आलेले काम, चालू, गिऱ्हाइकाच्या उत्तराची वाट, छपाईला, पूर्ण. मी मोजले तर त्या दिवशी निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या तिसऱ्या रकान्यात होत्या. म्हणजे काम अडले होते ते तिच्याकडे नव्हे, गिऱ्हाइकांकडे! कोणी छायाचित्र पाठविले नव्हते, कोणी मजकूर तपासला नव्हता. पूर्वी असे झाले की शेवटी ओरडा एजन्सीलाच बसे. आता ती दर सोमवारी त्या रकान्यातील प्रत्येकाला नम्रपणे कळविते, की अमुक तारखेपासून आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत. मला विचाराल तर सबंध सॉफ्टवेअरमधला सर्वांत मोलाचा रकाना हाच.

याच मुलांचा आधीचा अनुभव ऐका. धंद्याच्या पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने मोठा फ्लेक्स करून घेतला आणि लावल्यावर म्हणाला, "ही भाषा मी मंजूर केलीच नव्हती." मंजुरी फोनवर दिलेली, तीही घाईत. भाऊ म्हणे दिली होती, गिऱ्हाईक म्हणे नव्हती. फ्लेक्स पुन्हा छापावा लागला, पदरचे पैसे गेले. आणि बहीण-भावांत आठ दिवस अबोला राहिला तो वेगळाच. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या कामाचे एक पान उघडून दिलेले आहे. त्याने नमुना तेथेच पाहायचा, दुरुस्ती तेथेच लिहायची, मंजूर असेल तर तसे तेथेच लिहायचे. त्याखाली नाव आणि वेळ आपोआप उमटते. व्हॉट्सॲप बंद केलेले नाही, ते आपल्याकडे बंद होणारही नाही. पण निरोप तेथे आला तरी तो वहीत उतरल्याशिवाय काम पुढे सरकवायचे नाही, हा त्या घराचा कायदा आहे. दुबईच्या गृहस्थांचे घड्याळ आपल्या मागे दीड तास. ते रात्री दुकान बंद करून पान उघडतात, दुरुस्ती लिहितात आणि झोपतात. सकाळी येथे काम सुरू होते. फोनाफोनीची गरज पडत नाही.

ही सॉफ्टवेअर कोणाच्या गरजेतून निघाली तेही जाता जाता सांगतो. शिकागो शहरात ३७सिग्नल्स नावाची संकेतस्थळे तयार करून देणारी एक छोटी कंपनी होती, १९९९ साली सुरू झालेली. गिऱ्हाइकांची कामे ई-मेलमध्ये विखुरली जात, म्हणून तिने स्वतःच्या वापरासाठी एक साधन तयार केले. तेच २००४ मध्ये बेसकॅम्प या नावाने बाजारात आले. ते इतके चालले की पुढे कंपनीने गिऱ्हाइकांची कामे घेणेच सोडले. म्हणजे तेथील शहाण्यासुरत्या माणसांचेही कागद हरवतच होते! एवढ्या गोष्टीने मला बरेच बरे वाटले.

पण बंधुभगिनींनो, एक भीती आहे, ती विद्यार्थी मित्रांनी विशेष ऐकावी. या साधनांत रंग भरण्याची, चिन्हे लावण्याची, पानाला सुंदर चित्र देण्याची फार सोय आहे. मी अशी मुले पाहिली आहेत जी आठवडाभर वही सजवितात आणि वहीत लिहिण्याजोगे काम मात्र करीत नाहीत. आमच्या वेळी परीक्षेचे वेळापत्रक रंगीत शाईने लिहिण्यात अभ्यासाचा पहिला आठवडा जाई, त्यातलाच हा प्रकार. सुरुवात एका तक्त्याने करा. नोशन नको असेल तर गूगल शीट घ्या; तेही नको तर दोनशे पानी रजिस्टर घ्या. लिहिण्याची सवयच नसेल तर महागडे सॉफ्टवेअरही रिकामेच राहील. विनामूल्य योजनांना मर्यादा असतात आणि कंपन्या त्या बदलत राहतात, म्हणून महिन्यातून एकदा आपली माहिती बाहेर काढून वेगळी साठवावी. तशी सोय बहुतेकांत असते.

दुसरी सावधगिरी अधिक गंभीर. गिऱ्हाइकाला पान दाखविता तेव्हा नेमके काय दाखविता ते तपासा. नोशनमध्ये एखादे पान कोणाला उघडून दिले की त्या पानाच्या पोटातली पानेही, वेगळी बंद केली नसतील तर, त्याला दिसतात. त्याच पोटात तुम्ही खर्चाचा हिशेब किंवा दुसऱ्या गिऱ्हाइकाचा दर ठेवला असेल तर? म्हणून घरचे पान वेगळे आणि गिऱ्हाइकाचे वेगळे. गिऱ्हाईक विश्वासाने आपल्या खात्याचा पासवर्ड देते, तो अशा पानावर लिहूच नये. त्यासाठी पासवर्ड सांभाळणारी निराळी साधने आहेत. ही अमानत आहे. अमानतीचा अर्थ या सभेत मी कोणाला सांगावा असे नाही.

वहीचा चाबूकही होऊ शकतो, हेही बोलून टाकतो. मोठा भाऊ दर तासाला फलक उघडून धाकट्याला विचारू लागला, "तुझी चिठ्ठी अजून येथेच कशी?", तर धाकटा काम लवकर करणार नाही, चिठ्ठी तेवढी लवकर सरकवील. या मुलांच्या घरी दिवसातून एकदाच, चहाच्या वेळी, फलक तिघे मिळून पाहतात. मला ते पटले.

आता पैशांविषयी. पालकांना मुख्य चिंता तीच, आणि ती रास्त आहे. लहान एजन्सी बुडते ती बहुधा काम नसल्यामुळे नव्हे; केलेल्या कामाचे पैसे वेळेवर न आल्यामुळे. "आणखी एवढे जरा करून दे" या वाक्याने किती जणांची मेहनत फुकट गेली असेल! म्हणून कामाच्या पानावर पहिल्याच दिवशी लिहावे: काम नेमके काय, नमुने किती, दुरुस्त्या कितीदा, त्यापुढच्या दुरुस्तीचे किती रुपये, ॲडव्हान्स किती, उरलेले केव्हा. आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिलेच पाहिजेत, आणि ती मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास व्याज मागता येते. त्यासाठी लागणारी उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून संगणकावर होते आणि तिला शासकीय शुल्क नाही. परंतु काम केव्हा दिले आणि ते केव्हा स्वीकारले गेले याची नोंदच नसेल तर दिवस मोजायचे कोठून? तेथे ही वही उपयोगी पडते.

यात आपल्याला परके असे काही आहे का? सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे, आणि तिचा विषय आहे मुदतीच्या देण्याघेण्याची लेखी नोंद. रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसह लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नये, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, असा तिचा आशय आहे. आपण ती आयत अदबीने वाचतो. आणि उठून भावाशी, मित्राशी, गिऱ्हाइकाशी तोंडी व्यवहार करतो. "आपल्यात कागद कशाला?" असे म्हणतो. किती भागीदाऱ्या आणि किती नाती या एका वाक्यावर मोडली, याची उदाहरणे प्रत्येकाच्या मोहल्ल्यात असतील.

मुलींच्या पालकांना एवढेच सांगतो. हजरत खदीजा या मोठ्या व्यापारी होत्या. त्यांचा माल घेऊन सीरियाला जाणारे त्यांचे विश्वासू प्रतिनिधी कोण होते, हे आपल्याकडील लहान मूलही सांगेल. माडीवर बसून जी मुलगी गिऱ्हाइकाचा शब्द पाळते, तिचे ते काम कामच समजावे. तिला खोली द्यावी, बरी इंटरनेट जोडणी द्यावी, आणि पाहुणे आले म्हणून दर अर्ध्या तासाला खाली हाक मारू नये. त्या मुलीच्या वडिलांनी आता माडीच्या जिन्यापाशी एक घंटी बसविली आहे. ती चहासाठीच वाजते, असे ते मला सांगतात.

इयत्ता नववीपासून पुढच्या ज्या विद्यार्थ्यांना ही वही मांडून पाहायची असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात यावे. मी असेन, आणि ती मुलगीही येणार आहे. येताना खरे काम घेऊन यावे. घरातल्या लग्नाच्या तयारीचे चालेल, वडिलांच्या दुकानाच्या उधारीचेही चालेल.

हे लिहून काढीत असताना यंदाच्या स्मरणिकेच्या जाहिराती छापखान्यात जाण्याच्या तयारीत आहेत. आम्ही तिघांनी या वर्षी एकच तक्ता ठेवला आहे. त्या दुकानदारांनी यंदाही जाहिरात दिली. मंजुरीच्या रकान्यात त्यांनी स्वतः नाव लिहिले आहे, आणि तरीही मी काल संध्याकाळी तो क्रमांक फिरवून पाहिला. फोन त्यांनीच उचलला.