घराच्या मापाचा गारवा
(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाच्या सभासदांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रणगाडे घडविणाऱ्या या गावात आमच्यासारख्या कला शाखेच्या पदवीधराने यंत्रांविषयी बोलावे, हे काहींना विनोदी वाटेल. १९६१ साली स्थापन झालेल्या अवजड वाहनांच्या कारखान्यात उभी हयात घालविलेली मंडळी येथे समोर बसली आहेत. आमचा अधिकार इतकाच, की घर थंड करण्याच्या कामी आम्ही एक मोठी चूक केली व तिची किंमत मोजली.

ऊब देणाऱ्या यंत्राची चर्चा आवडीत करण्याचे कारण नाही. मार्गशीर्षातही येथे एक चादर पुरते. प्रश्न आहे तो गारव्याचा. ३१ मे २००३ रोजी चेन्नईत पारा ४५ अंशांवर गेला होता, हे जुन्या रहिवाशांना आठवत असेल. त्यात आवडी समुद्रापासून आत. समुद्रवारा इथवर पोचेपर्यंत दुपार कललेली असते.

आपल्यापैकी विदर्भातून आलेले लोक प्रथम कूलर आणतात आणि फसतात. आम्हीही फसलो. नागपुरात ४४ अंशांची हवा असली, तरी तिच्यात ओलावा शेकडा १५ इतकाच असेल, तर ओल्या ताटीतून येताना ती २३ अंशांच्या आसपास उतरू शकते. येथे ३६ अंशांच्या हवेत ओलावा शेकडा ६० असतो, तेव्हा ती फार तर २९ अंशांपर्यंत येते आणि वर आणखी दमट होते. तेव्हा येथे नुसती उष्णता काढून भागत नाही, ओलावाही काढावा लागतो. आजचे आमचे सारे सांगणे या एका वाक्याभोवती आहे.

वातानुकूलन यंत्राची ताकद टनांत सांगतात. हे यंत्राचे वजन नव्हे. दोन हजार पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी काढून टाकण्याची शक्ती म्हणजे एक टन. विजेच्या भाषेत सुमारे साडेतीन हजार वॅट. बर्फाचे हे माप चेन्नईकरांना परके वाटू नये. मरीना किनाऱ्यावरील विवेकानंदर इल्लम ही वास्तू मुळात १८४२ साली बांधलेले ‘आइस हाऊस’ होय. बोस्टनच्या ट्यूडर यांनी अमेरिकेतून जहाजाने आणलेला बर्फ तेथे साठवीत असत.

आता आमची चूक सांगतो. २०१५ च्या उन्हाळ्यात आमच्या मातोश्री येथे कायमच्या राहावयास आल्या. वय ऐंशीच्या घरात, गुडघ्यांचे दुखणे जुने. त्यांची खोली दहा बाय बाराची, वरच्या मजल्यावर, खिडकी पश्चिमेला. दुकानदाराने माप विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. “वरचा मजला आहे, दोन टनांचेच घ्या,” असे तो म्हणाला. आईसाठी घेतो आहोत, तर हात आखडता का घ्यावा, या भावनेने आम्ही दोन टनांचे यंत्र घेतले.

आठवड्याभरात मातोश्रींनी आपली खाट दिवाणखान्यातील पंख्याखाली हलविली. “अरे, ही थंडी अंगाला चिकटते,” एवढेच त्या म्हणाल्या. उश्यांना कुबट वास येई आणि चादरी दमट लागत. आम्हांस वाटले, म्हातारपणाची तक्रार आहे. दोन महिन्यांचे विजेचे बिल आले तेव्हा मात्र आम्ही जागे झालो.

शेजारचे एक तमिळ गृहस्थ शीतगृहाच्या कामातून निवृत्त झालेले. ते टेप आणि वही घेऊन आले आणि त्यांनी उलगडा केला. यंत्रातील थंड नळ्यांवर हवेतील ओलावा दवासारखा जमतो आणि ठिबकून बाहेर जातो. पण यंत्र सलग चालले तरच. खोलीच्या मानाने यंत्र मोठे असले, की पाचसात मिनिटांत हवा गार होते आणि यंत्र थांबते. नळ्यांवरचे पाणी बाहेर जाण्याआधीच पुन्हा खोलीत मिसळते. परिणाम असा, की खोली गार आणि ओली. तक्रार म्हातारपणाची नव्हती. मातोश्रींना जे कळले होते ते आम्हांस कळले नव्हते.

मग त्यांनी बेरीज मांडली. बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता देतो, दोघांचे दोनशे. पश्चिमेच्या उघड्या काचेतून दुपारी दर चौरस मीटरला चारपाचशे. सर्वांत मोठा आकडा तापलेल्या स्लॅबचा. सारे मिळून तीन हजार वॅटांच्या आतबाहेर. आणि आम्ही सात हजारांचे यंत्र बसविले होते!

त्यांचा सल्ला असा, की यंत्र बदलण्याआधी उष्णता कमी करा. गच्चीला चुन्याचे दोन हात दिले. खिडकीला बाहेरून बांबूच्या काड्यांचा पडदा लावला. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवितो, बाहेरचा येण्याआधीच. दाराखालची फट बुजविली. बेरीज दोन हजारांवर आली आणि एक टनाचे यंत्र पुरून उरले. जुने यंत्र निम्म्याहून कमी किमतीत गेले. मातोश्रींची खाट मात्र आपल्या खोलीत परत आली. त्यानंतरचे तीन उन्हाळे त्यांनी तेथेच सुखाने काढले.

याचा अर्थ लहान यंत्र नेहमी चांगले, असा नव्हे. मापापेक्षा लहान यंत्र अग्निनक्षत्राच्या दिवसांत अखंड धापा टाकते आणि खोली काही गार होत नाही. नव्या इन्व्हर्टर यंत्रांचा वेग कमीजास्त होतो हे खरे. पण वेग उतरण्यालाही मर्यादा असते, म्हणून मोजमाप चुकत नाही. साधारणपणे एकशेवीस चौरस फुटांपर्यंत एक टन आणि एकशेऐंशीपर्यंत दीड टन, असा ठोकताळा आहे. पण तो ठोकताळाच. वर उघडी गच्ची आहे की दुसऱ्याचे घर, खिडकी कोणत्या दिशेला, खोलीत माणसे किती, हे पाहूनच शेवटचा आकडा ठरवावा. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. पंखा मंद ठेवून तेवढ्यावर राहून पाहा. आमच्या घरी तेवढे पुरते.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपले वाडवडील सांगत. आम्ही पाय न पाहताच अंथरूण घेतले होते. आपण दुकानात जाण्याआधी घरी टेप घ्या, गच्चीवर दुपारी एकदा अनवाणी उभे राहा, आणि ज्या वृद्धांसाठी यंत्र घ्यावयाचे त्यांना विचारा. त्यांची तक्रार हेही एक मोजमाप असते.