रणाची तयारी

(बोरीवली येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



येत्या डिसेंबरात आपल्या गटातल्या नऊ जणी सायकली घेऊन कच्छच्या छोट्या रणात जाणार आहेत. पाच दिवस, डांबरी रस्ता सोडून, सामान सायकलीलाच बांधून. मागच्या बैठकीत एका ज्येष्ठ ताईंनी विचारलं, "पोटगीच्या केसेस पडल्यात, रेशनकार्डांची कामं पडलीत, आणि हे चैनीचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देण्याआधी तयारी कशी चालली आहे ते सांगते, कारण उत्तर मला त्या तयारीतच मिळालं.

बोरीवलीकरांना कच्छ तसं लांब नाही. भुजकडे जाणाऱ्या गाड्या आपल्या स्टेशनवर थांबतात आणि गाडी न बदलता विरमगाम, धांगध्र्यापर्यंत जाता येतं. तिथून रणाची कड जवळ आहे. रण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. छोटं रण तसं नाही. पावसाळ्यात खाडीचं आणि नद्यांचं पाणी त्यात पसरतं. पाऊस सरला की ते आटतं आणि भेगाळलेल्या चिखलाची सपाट जमीन उरते. म्हणून जायचं ते हिवाळ्यातच. वरून कोरडी, पांढरी दिसणारी जमीन आत ओली असू शकते, तिथे चाक रुततं. मिठाच्या गाड्यांनी पाडलेली वाट सोडायची नाही, आणि अवकाळी पाऊस आला तर पुढे जायचं नाही, हे दोन नियम आम्ही आधीच लिहून ठेवले आहेत. झाड नाही, टेकडी नाही, दुपारी मृगजळ. त्यामुळे दिशा चुकायला वेळ लागत नाही. मोबाइलमध्ये नकाशा उतरवून घेतला आहे, पण होकायंत्र वापरायलाही प्रत्येकीने शिकायचं आहे.

हे सगळं क्षेत्र १९७३ पासून रानगाढवांचं अभयारण्य आहे. तिकडे त्याला घुडखर म्हणतात. वनखात्याच्या परवानगीवाचून आत जाता येत नाही. म्हणून मुक्काम कडेच्या गावांत, आणि दिवसा आत जाऊन उजेडात परत, असा बेत आहे. डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेअकरा तासांचा. अशा जमिनीवर सायकल तासाला आठ-दहा किलोमीटर चालते. थांबे, पंक्चर, जेवण धरून दिवसाला पस्तीस-चाळीस किलोमीटरच ठरवले आहेत.

पाण्याचा हिशेब माणशी पाच लिटर रोजचा. तिथे जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारं, म्हणूनच तिथे मीठ पिकतं. पिण्याचं सगळं बरोबर न्यायचं. पाच लिटर म्हणजे पाच किलो, तेव्हा बाकीचं सामान कमीच हवं. सायकलीच्या दांड्यांमधल्या त्रिकोणात, सीटखाली आणि हँडलला पिशव्या बांधायच्या. जड वस्तू खाली आणि मध्ये, हलक्या वर. पाठीवर काही नाही. टायर रुंद, दोन इंचांच्या वरचे, आणि मऊ जमिनीवर हवा थोडी कमी करायची. वेड्या बाभळीचे काटे फार, म्हणून प्रत्येकीकडे दोन जादा ट्यूब. रात्री थंडी दहा अंशांच्या खाली जाते. आपल्याकडे स्वेटर कपाटातच राहतो, तेव्हा ब्लँकेट आणि कानटोपी विसरायची नाही. नवी सायकल कुणीही घेतलेली नाही. जुन्या सायकली भिशीच्या पैशांतून दुरुस्त केल्या. सराव आपल्याच भागात चालू आहे. दमसासासाठी नॅशनल पार्कातला कान्हेरीचा चढ आणि वाळूसाठी तरीने खाडी ओलांडून गोराईचा किनारा. यातल्या एक काकू बेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकल्या आहेत.

सपाट रणात आडोसा नाही. लघवीला कुठे बसायचं? चार काठ्या आणि जुनी साडी बरोबर घेतली आहे. पाळी आलेल्या बाईने मागे राहायचं नाही, वापरलेले पॅड परत आणायचे. हे बोलताना आमच्यातल्या काही जणी आधी हसल्या, मग गप्प झाल्या. कारण याच रणात अगरिया बायका पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत राहतात. खारं पाणी उपसून वाफ्यांत सोडायचं, दाताळ्याने मीठ ओढायचं, झोपडीत रांधायचं, पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहायची. आपल्याकडे दहिसर, भांडुपला मिठागरं आहेत. 'आगर' या एकाच शब्दातून आपले आगरी आणि तिकडचे अगरिया आले आहेत. सरकारी दप्तरात छोटं रण 'सर्व्हे नंबर शून्य' आहे. पिढ्यान् पिढ्या तिथे राबणाऱ्यांच्या नावे सातबारा नाही. तेव्हा आपण पाच दिवसांच्या पाहुण्या आहोत, हे लक्षात ठेवायचं. त्यांच्या पाण्याला हात लावायचा नाही, विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही, आणि 'बिचाऱ्या' म्हणून परत यायचं नाही. 'सेवा' संघटनेतल्या अगरिया बायकांनी डिझेल पंपांच्या जागी सौरपंप आणले आहेत. त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

हा झाला रणाचा तक्ता. तो एका पानात मावला. दुसरा तक्ता घराचा. पाच दिवस, सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक, पाणी भरणं, सासूबाईंची औषधं, मुलांची शाळा, गॅसचा नंबर, धुणं. प्रत्येक कामासमोर ते कोण करणार त्याचं नाव लिहायचं. नियम एकच : ज्या ओळीत मुलीचं, जावेचं किंवा शेजारणीचं नाव येईल ती ओळ खोडून पुन्हा लिहायची. एकीची सुटी दुसरीच्या पाठीवर लादायची असेल तर अशी सुटी आपल्याला नको. हा तक्ता तीन पानं झाला, आणि अजून पुरा झालेला नाही.

२०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकामात बायकांची रोजची २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. हे आकडे आपण भाषणांत सांगतो. पण आमच्या गटातल्या नवऱ्यांपैकी तिघांनी ही पानं वाचून पहिल्यांदाच विचारलं, "एवढं सगळं असतं?" एवढं ऐकायला आम्हाला आधी जायचं ठरवावं लागलं.

दुसरी अडचण 'काही झालं तर?' या प्रश्नाची. हा प्रश्न मुलग्यांना फारसा विचारला जात नाही. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा इराण, इराकची वाळवंटं ओलांडून १९२८ मध्ये परतले. त्याचं कौतुकच झालं. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये विशीत, सुमारे २९ हजार किलोमीटरची जगप्रदक्षिणा १५९ दिवसांत केली. वाटेत स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटलं, तरी तिने प्रवास पुरा केला. पुण्याच्याच प्रीती मस्के, दोन मुलांची आई, २०२२ च्या नोव्हेंबरात कच्छमधल्या कोटेश्वरहून निघून अरुणाचलातल्या किबिथूपर्यंत सुमारे चार हजार किलोमीटर चौदा दिवसांत गेल्या. धोका नाही असं मी म्हणत नाही. धोक्याचा हिशेब ज्या बाईला जायचं आहे तिने करावा, घरात बसलेल्यांनी नव्हे, एवढंच म्हणते. 'व्हाय लॉयटर?' या २०११ च्या मुंबईवरच्या पुस्तकात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी धोका पत्करण्याचा हक्कही मागितला आहे, तो याचसाठी.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बाजार, दवाखाना आणि गावाबाहेर, या तिन्ही ठिकाणी एकटीने जायची मुभा असलेल्या स्त्रिया निघाल्या ४२ टक्के. पोटगीच्या केससाठी कोर्टात जायला हीच मुभा लागते. तारखेला बाई येत नाही तेव्हा आपण म्हणतो, तिला गांभीर्य नाही. बहुतेक वेळा तिला कुणी सोडलेलं नसतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टाई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेने, शीला राणी चुंकत कलेक्टर असताना, लाखाहून अधिक बायकांना सायकल शिकवली, ती चैन म्हणून नव्हे. बाईला स्वतःच्या पायांनी कुठेतरी जाता आलं की अक्षरंही टिकतात, हे त्यांनी ओळखलं होतं. विनाकारण पाच दिवस बाहेर जाऊन आलेल्या बाईला कारण असताना अडवणं अवघड जातं. म्हणून हे काम केसेसच्या बाहेरचं नाही.

शेवटी एक सांगायचं राहिलं. आधी आम्ही दहा जणी होतो. दहाव्या बाईच्या तक्त्यात सासूबाईंच्या औषधांच्या ओळीत दर वेळी तेरा वर्षांच्या मुलीचंच नाव येत राहिलं. तिने स्वतःच ते तिसऱ्यांदा खोडलं आणि आपलं नाव मागे घेतलं. तिचा नवरा रोज सातला घरी असतो. तिची सायकल तयार आहे, आणि तिकिटं काढायला अजून तीन आठवडे आहेत. येत्या रविवारी आम्ही दोघी तिच्या घरी जाणार आहोत, तिला समजवायला नव्हे, त्याच्याशी बोलायला. आणखी दोघी आल्या तर बरं होईल. बैठक संपल्यावर नावं द्या.