पुस्तकात नसलेली लेडीबर्ड



संयोजकांनी मला बजावलं होतं, ‘काँप्युटर सोडून कशावरही बोल.’ म्हणून मी आज एका किड्यावर बोलणार आहे. लेडीबर्ड. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या सायकलीचं नाव हेच होतं, त्यामुळे विषय अगदीच परका नाही.

सातवीत चित्रकलेच्या तासाला मी एक लेडीबर्ड काढली होती. लालभडक गोल, काळे ठिपके, चार पाय आणि हसरं तोंड. सरांनी विचारलं, “ही कुठे पाहिलीस?” मी म्हटलं, “पुस्तकावर.” चुलतबहिणीकडे लेडीबर्ड प्रकाशनाची इंग्रजी गोष्टींची पुस्तकं होती, त्यांवरचं ते बोधचिन्ह. सरांनी चाराचे सहा पाय केले आणि म्हणाले, “एकदा झाडावर बघ, मग काढ.” सर, मी बघायला गेले नाही. ते आज कबूल करते.

पुढे मुलीसाठी चित्रपुस्तकं आणायला लागले आणि हा किडा पुन्हा घरात आला. एरिक कार्ल यांच्या १९७७ सालच्या पुस्तकातली चिडकी लेडीबर्ड मावा वाटून खायला तयार नसते आणि दिवसभर भेटेल त्या प्राण्याला भांडायला बोलावते. ज्युलिया डोनाल्डसन यांच्या २००९ सालच्या पुस्तकातली लेडीबर्ड अगदी अबोल. पण चोरांचा गाय पळवायचा बेत तीच ऐकते. दोन्ही पुस्तकं आमच्याकडे पानं सुटेपर्यंत वाचली गेली.

चित्रकारांना हा किडा का आवडतो, ते उघड आहे. एक गोल, चार ठिपके, की तीन वर्षांचं मूलही ओळखतं. लाल रंग खरं तर पक्ष्यांना इशारा असतो, ‘मी कडू आहे.’ आपल्याला मात्र तो गोड वाटतो. नावातली ‘लेडी’ म्हणजे येशूची आई मेरी. युरोपातल्या सात ठिपक्यांच्या जातीवरून ते नाव पडलं. ती जात आपल्याकडेही आहे. पण आपल्या पिकांवर नेहमी दिसते ती पिवळट-नारिंगी, पंखांवर काळ्या नागमोडी रेषा असलेली. शेतीच्या पुस्तकांत तिला ढालकिडा म्हणतात.

आता खरी गोष्ट. माझ्या धाकट्या भावाची निफाडजवळ द्राक्षबाग आहे. एका संक्रांतीला आम्ही गेलो होतो. मण्यांत पाणी उतरत होतं. एका वेलीच्या ओलांड्यावर मला पांढरे, कापसाळ किडे दिसले. मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, एवढं मला माहीत होतं. भावाला मदत म्हणून मी काडीने पंधरा-वीस चिरडले आणि कौतुकाने त्याला दाखवायला नेलं. तो बघतच राहिला. म्हणाला, “ताई, ह्या तर लेडीबर्डच्या अळ्या. मीच विकत आणून सोडल्यात.”

ही जात मूळची ऑस्ट्रेलियातली, नाव क्रिप्टोलिमस. भारतात ती १८९८ मध्ये कॉफीवरच्या किडीसाठी आणली गेली. मोठेपणी तपकिरी-काळी, डोकं नारिंगी. ठिपका एकही नाही. तिची अळी हुबेहूब मिलीबगसारखी दिसते, फक्त मोठी आणि चपळ असते. मिलीबगची अंडी आणि पिल्लं ती फस्त करते. काढणी जवळ आली की औषध मारणं अवघड, कारण द्राक्षात त्याचा अंश सापडला तर निर्यातीचा माल नाकारला जाऊ शकतो. अशा वेळी ह्या अळ्यांचाच आधार. आणि मी त्याच चिरडल्या होत्या.

भाऊ रागावला नाही. मुलीने मात्र विचारलं, “मामा, ही माझ्या पुस्तकात का नाही?”

त्याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही. मावा खाणाऱ्या नेहमीच्या लेडीबर्डची अळीसुद्धा काळी, लांबट, इवल्याशा मगरीसारखी असते. ती गोंडस दिसत नाही, म्हणून बहुतेक चित्रपुस्तकांत तिला जागा मिळत नाही. मग मुलं मोठी होतात आणि शेतात ती दिसली की कीड समजून मारतात. मी इंजिनिअर होऊनही तेच केलं. पुस्तकातली लाल लेडीबर्ड हवीच, तिच्यामुळेच तर मुलं किड्यांना घाबरत नाहीत. पण शेजारच्या पानावर तिची अळीही हवी. त्या रात्री मुलीने वहीत चार चित्रं काढली: अंडं, अळी, कोष आणि शेवटी पंखवाली. पाय सहा होते. अळीचेही.

जाता जाता एवढंच. आज सगळे नटूनथटून आलोय, फोटोही छान येतील. पण समोर बसलेल्या सरांनी आणि बाईंनी आपल्याला पाहिलंय ते अळीच्या अवस्थेत. तेव्हाही आपण काय होणार ते त्यांनी ओळखलं आणि कीड समजून झटकलं नाही.

सर, ह्या वेळी मी झाडावर बघून चित्र काढलंय. भाषण झाल्यावर दाखवते.